बाईंच्या सतरा फुल्या

“ते काही नाही. शाळेत तू माझी आई नाहीस!”

“मग कोण आहे? दूधवाली?” आजी म्हणाली.

“आजी, तू मध्ये बोलू नकोस गं.”

“मध्ये कुठं? मी आपली कडेला बसलेय.”

आजी खरोखरच कडेला, बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. भांडण जेवणाच्या टेबलापाशी चाललं होतं आणि त्याला आता दीड तास झाला होता. एका बाजूला चौदा वर्षांची ठकू. तिला चांगलं चार अक्षरी नाव आहे, पण आजीने बारशाआधीच ठकू म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. दुसऱ्या बाजूला तिची आई. मधल्या खुर्चीवर बाबा. ते लिफ्ट दुरुस्त करतात. माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर काय करायचं हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता येतं, पण स्वतः दोन बायकांच्या मध्ये अडकले की काही सुचत नाही.

“एवढ्या शाळा पडल्यात, आणि तुला माझीच मिळाली?” ठकू म्हणाली.

“मी मागितली नाही. कॉलेजनं दिली. मागितली असती तर दिली नसती.”

“मग बदलून घे.”

“उद्या सकाळी आठला हजर व्हायचंय, आणि तू आज रविवारी संध्याकाळी मला शाळा बदलायला सांगतेस. शाळा आहे की चप्पल?”

ठकूच्या आईला घरात, शेजारात, नवऱ्याच्या तोंडीसुद्धा सगळे ‘बाई’ म्हणतात. गावी त्यांनी सोळा वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं बापये झाली, तरी रस्त्यात त्या दिसल्या की सायकलवरून उतरायची. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याला इकडे परदेशात काम मिळालं आणि बाई आपली प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विमानात बसल्या. इथल्या कचेरीतल्या बाईने ती प्रमाणपत्रं, वांगं किडकं आहे का बघावं तशी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. शिकवायचं असेल तर पहिल्यापासून शिका, म्हणाली. तेव्हा बाई बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी झाल्या. संध्याकाळी कॉलेज आणि दिवसा एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या. दिवसाला चारशे चादरी. चादरीचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. हात आपोआप चालायचे आणि गणिताशी एवढाच काय तो संबंध उरला होता.

आता शेवटचा टप्पा होता. शाळेत प्रत्यक्ष शिकवायचं, आणि त्यातला पहिला आठवडा परीक्षेचा. वर्गात मागे एक अनुभवी शिक्षिका बसणार आणि शुक्रवारी दुपारी कॉलेजला फॉर्म पाठवणार. फॉर्मवर दोन चौकोन, ‘पुढे चालू’ आणि ‘थांबवावे’. दुसऱ्या चौकोनात खूण झाली की बाईंचं शिक्षण तिथेच संपलं. लाँड्रीच्या मुकादमाने रजा एकाच आठवड्याची दिली होती. शनिवारी सकाळी सांग येतेस की नाही, म्हणाला. सोमवारी त्या टेबलाशी कोणीतरी उभं असणारच.

हे सगळं ठकूला माहीत होतं. पण चौदाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या अब्रूपलीकडचं फारसं दिसत नाही. तिने वहीचं पान फाडलं, सात कलमं लिहिली आणि लोहचुंबकाने फ्रिजवर लावली. कलम एक, शाळेत ओळख दाखवायची नाही. कलम दोन, आईने मागच्या गेटने यायचं. कलम तीन, कॉरिडॉरमध्ये हाक मारायची नाही. कलम चार, कोणी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, दोघींनीही. कलम पाच, हसायचं नाही. कलम सहा, डबा विसरला तर आणून द्यायचा नाही. कलम सात, कॉरिडॉरमध्ये खूण करायची नाही.

बाईंनी वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं, ‘कलम तीन व सात एकत्र करता येतील. मांडणी बरी.’ खाली सही केली.

“बघ,” आजी म्हणाली, “हिला सवतीचं पत्र जरी आलं ना, तरी ही आधी समास तपासेल.”

सोमवारी बाई मागच्या गेटने गेल्या. सहावीचा वर्ग, चोवीस मुलं, गोल टेबलांभोवती बसलेली, त्यामुळे निम्म्यांची पाठ बाईंकडे. बाई आत आल्या आणि उभ्या राहिल्या. सोळा वर्षांची सवय अशी की आपण आत यायचं, मुलं उठतात, एका सुरात नमस्ते म्हणतात, आपण ‘बसा’ म्हणायचं आणि मग तास सुरू होतो. बाई वाट पाहत राहिल्या. मुलं वाट पाहत राहिली, की ह्या कसली वाट बघताहेत. शेवटी खिडकीजवळच्या एका मुलाने बाईंना सरळ त्यांच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारली आणि विचारलं, “तुम्हाला बरं वाटत नाही का? पाणी देऊ?”

मागे बसलेल्या शिक्षिकेने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

ही शिक्षिका उंच, सडपातळ, पिकल्या केसांची. हसली तरी कळायचं नाही आणि चिडली तरी कळायचं नाही. फक्त लिहायची. कोण कुठे बसलंय, कोण किती वेळा खोकलं, सगळं. संध्याकाळी बाईंनी घरी वर्णन केलं तेव्हा आजीने लगेच नाव ठेवलं, “म्हणजे पंचनामाबाई!”

“नावानं हाक मारली हो मला,” बाईंना तेच राहून राहून टोचत होतं. “अकरा वर्षांचं पोर. माझ्या सख्ख्या दिरानं कधी मारली नाही.”

“मग किती जणांना उभं केलंस?” आजीने विचारलं.

“आई, उभं करत नाहीत इथं.”

“उभं करत नाहीत, मारत नाहीत, मग शाळा कशाला म्हणायचं? वेटिंग रूम म्हणा.”

मंगळवारी अपूर्णांक होते. बाई फळ्याकडे वळल्या की मागे मधमाश्यांचं पोळं फुटायचं. वळून पाहिलं की चोवीस निरागस चेहरे. पंधरा मिनिटांत बाईंचा घसा बसला. कॉलेजात शिकवलेल्या वर्ग शांत करायच्या नऊ पद्धती त्यांना पाठ होत्या, पण बुडणारा माणूस काही पुस्तक उघडत नाही. जो दोर सोळा वर्षं हाताशी होता तोच त्यांनी धरला. पहिल्या टेबलावरची, दातांना तार लावलेली एक गंभीर मुलगी त्यांनी हेरली आणि तिच्या हातात खडूऐवजी मार्कर दिला.

“तू मॉनिटर. जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. कळलं?”

“कोणीही बोललं तरी?” तारवालीने विचारलं.

“कोणीही. मॉनिटरनं पक्षपात करायचा नाही.”

गावी या एका वाक्यावर वर्ग चिडीचूप व्हायचा. इथे अर्धा मिनिट शांतता पसरली, आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. नुसते नाही, तारवालीकडे तोंड करून, हात हलवून, आपलं नाव नीट लिहिलं जातंय ना हे बघत. एकाचं नाव लिहायचं राहिलं तर तो रडकुंडीला आला. “मीपण बोललो! दोनदा बोललो! माझी फुली कुठाय?”

बाई ओरडल्या, “शांत बसा!” आणि पुन्हा ओरडल्या. फळा भरत चालला.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापक आले. त्यांना हॉलची किल्ली हवी होती. ते हळूच मागे गेले, पंचनामाबाईंच्या कानाशी कुजबुजले, त्याही काहीतरी कुजबुजल्या. तारवालीने क्षणभर बाईंकडे पाहिलं, मग फळ्याकडे वळली आणि स्वच्छ अक्षरात दोघांचीही नावं लिहिली. मुख्याध्यापक जाता जाता “आभारी आहे” म्हणाले. तिने त्यांच्यापुढे एक फुली केली. ते चमकून “हे काय?” म्हणाले. तिने दुसरी केली.

त्या दिवसात वर्ग पहिल्यांदाच खरा गप्प झाला.

त्या शांततेत तारवालीने फळ्याच्या तळाशी उरलेल्या जागेत आणखी एक नाव लिहिलं. बाईंचं. तिने हातातल्या कागदावर आधीपासून रेघा मारून ठेवल्या होत्या. त्या बघत बघत ती फुल्या काढत गेली. पाच, दहा, पंधरा. सतराव्या फुलीला फळ्याची कड आली.

“मी नियम नीट पाळला ना?” तिने विचारलं.

बाईंनी फळा वरपासून खालपर्यंत पाहिला. सोळा वर्षांत कुठल्या मॉनिटरने त्यांचं नाव लिहिलं नव्हतं. वर्गात सगळ्यात जास्त कोण बोलतं हा प्रश्नच कधी निघाला नव्हता.

“अगदी नीट,” त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मागे पेन भराभर चालत होतं.

“मुख्याध्यापकांचं नाव फळ्यावर? दोन फुल्यांसकट?” त्या संध्याकाळी नवऱ्याने डोक्याला हात लावला. “म्हणजे लाँड्री नक्की.”

“शुभ बोल रे नाऱ्या!” आजी कडाडली. नवऱ्याचं नाव नाऱ्या नाही, पण म्हण ती म्हण.

ठकू त्या दिवशी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, म्हणून वाचली. म्हणजे बाई वाचल्या.

बुधवारी घंटा व्हायच्या आधीच मुलं बाईंच्या टेबलाभोवती जमली. काल फळ्यावर नावं होती, मग आमची पाळी कधी, असं त्यांचं म्हणणं. बाईंना आधी कळेना. तारवालीनेच समजावून सांगितलं. या शाळेत ज्याला काही बोलून दाखवायचं असतं तो फळ्यावर नाव लिहितो, आणि नावाच्या क्रमाने त्याला पुढे बोलावतात. फुली म्हणजे एक जादा पाळी. बाईंनी जे शिक्षा समजून वाटलं होतं ते पोरांनी प्रसाद समजून घेतलं होतं.

बाई एवढंसंही चेहऱ्यावर न दाखवता म्हणाल्या, “बरोबर. मी तेच सांगणार होते. ज्याचं नाव आहे त्यानं पुढं येऊन एक गणित सोडवायचं. फुली असेल त्यानं प्रत्येक फुलीला एक जादा.”

गावी फळ्यापाशी गणित सोडवायला बोलावलं की पोरांच्या पोटात दुखायचं, कुणाला लघवी लागायची. इथे रांग लागली. तीन फुल्यांचा मुलगा राजासारखा चालत आला. कालपर्यंत तोंड न उघडलेली एक मुलगी मात्र फुली नाही म्हणून हिरमुसली, तेव्हा बाईंनी तिला एक उसनी दिली.

सगळं सुरळीत चाललं असताना तारवालीने हात वर केला. “तुमची अठरा राहिली. एक नावाचं, सतरा फुल्यांची.”

“माझी?”

“पक्षपात करायचा नाही, तुम्हीच म्हणालात.”

तेव्हा बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि चोवीस जण त्यांच्यासाठी गणितं रचायला लागले. अपूर्णांकांची. बाईंना अडकवायचं म्हणून एकेकजण जीव तोडून अवघड गणित शोधत होता. आमच्या कुत्र्याने सोमवारी चपलेचा दोन पंचमांश भाग खाल्ला, मंगळवारी उरलेल्याचा अर्धा खाल्ला, तर आता बाबांना किती चप्पल उरली? “तीन दशांश,” बाई म्हणाल्या, “आणि कुत्र्याला जुलाब.” वर्ग लोळला. गणित घालणाऱ्याला उत्तर आधी स्वतःला यायला हवं, ही अट बाईंनी सावकाश, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी घातली होती. कालपर्यंत छेद म्हणजे काय ते न कळणारी पोरं कोपऱ्यात डोकी एकत्र करून छेद समान करत होती.

चौदावं गणित बाईंचं चुकलं. अशी आरोळी उठली की शेजारच्या वर्गातून विचारायला माणूस आला. ते मुद्दाम चुकवलं की खरंच चुकलं, हे बाईंनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी ठकू घरात शिरली ती दप्तर आपटूनच.

“फळ्याचा फोटो सगळ्या शाळेच्या फोनवर फिरतोय! सगळ्या शाळेच्या! हेडसरांच्या नावापुढे दोन फुल्या! आणि आज ते सहावीच्या दारात येऊन म्हणाले म्हणे, माझी तीन गणितं बाकी आहेत. आणि तू त्यांना बसवलंस! बुटक्या खुर्चीवर!”

“दोन बरोबर आली त्यांची,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्याला मदत लागली.”

“आई!”

“कलम एक ते सात, मी कुठलं मोडलं?”

ठकूने फ्रिजकडे पाहिलं. एकही मोडलं नव्हतं, हीच तर पंचाईत.

“माझ्या वर्गात सगळे तुझ्याबद्दलच बोलतात,” ती म्हणाली. “माझ्या शेजारची म्हणाली, ती नवी बाई भारी आहे, कोण आहे गं ती?”

“मग तू काय म्हणालीस?”

“माहीत नाही म्हणाले.”

भाजी परतणारा बाईंचा हात जरासा थांबला. “कलम चार,” त्या म्हणाल्या. “शाब्बास. पाळलंस.”

आजीने ठकूच्या हातावर एक चापटी मारली, कशाबद्दल ते न सांगता, आणि ठकूनेही विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर पंचनामाबाईंनी बाईंना समोर बसवलं. फाइल मधोमध. बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले होते, कारण ते घड्या घालायला निघाल्यासारखे टेबलावरच्या कागदाकडे जात होते.

“सुरुवातीला एक तक्रार आहे,” पंचनामाबाई म्हणाल्या. “मंगळवारी माझं नाव लिहिलं गेलं. मी फक्त किल्ली ड्रॉवरमध्ये आहे एवढं सांगितलं.”

“मॉनिटरचा निर्णय अंतिम असतो,” बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनी जीभ चावली.

पंचनामाबाईंनी ते लिहून घेतलं. मग पान उलटलं. “सोमवार. चार मिनिटं काहीही न करता उभ्या. मंगळवार. शिक्षिका अठरा वेळा बोलल्या, हा आकडा माझा नाही, वर्गाचा आहे. माझ्या मोजणीत तो एकवीस आहे. बुधवार. गणितांची उत्तरं सोडली तर शिक्षिका सहा वेळा बोलल्या. मुलं…” त्यांनी चष्मा काढला. “मुलं मोजता आली नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा.”

आणि त्यांनी फॉर्म फिरवून समोर धरला. खूण पहिल्या चौकोनात होती.

बाईंनी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचणार तेवढ्यात पंचनामाबाई म्हणाल्या, “आता दुसरं. नववीच्या गणिताच्या सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तीन महिने येणार नाहीत. सराव करणारे तुम्ही दोघे आहात, एक तुम्ही आणि एक ते पडद्यावर चित्रं दाखवणारे. मी आज नववीला विचारलं, कोण हवं? त्यांनी तुम्हाला मागितलं. एकमतानं.”

“एकमतानं म्हणजे… सगळ्यांनी?”

“अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस हात. मी मोजले.” पंचनामाबाईंनी फाइल मिटली. “त्या वर्गात तुमची मुलगी आहे, मला कल्पना आहे. तिचा हात सर्वात शेवटी वर झाला. पण झाला. विचार करा, सोमवारी सकाळी सांगा.” आणि बाईंना शपथेवर सांगता येणार नाही, पण त्या बहुधा हसल्या.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. नवऱ्याने दोनदा “काय झालं?” विचारलं, बाईंनी दोनदा “वाढते आधी” म्हटलं. ठकू मान खाली घालून ताटात बोटाने चौकोन काढत होती.

“ठकू,” बाई म्हणाल्या, “आज तुमच्या वर्गात म्हणे मतदान झालं.”

ठकूचं बोट थांबलं.

“अठ्ठावीस हात वर झाले म्हणे. तुमच्या वर्गात मुलं किती?”

“…अठ्ठावीस.”

“अगं बाई!” आजीचा घास हातातच राहिला. “म्हणजे हिनंपण?”

“मग काय करणार होते?” ठकू उसळली. “सगळ्यांनी हात वर केले! मी एकटीच खाली ठेवला असता तर सगळे म्हणाले असते, हिला काय प्रॉब्लेम आहे त्या बाईंचा? ही ओळखते का त्यांना? कलम एक मोडलं असतं!”

“खरंय,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “कायदा म्हणजे कायदा.”

आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली ती थांबेना. बाबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, रिकामा. ठकू आधी लाल झाली, मग तिचाही ओठ एका कोपऱ्यात हलला, पण तिने तो कलम पाचप्रमाणे आवरला.

“पण आई, तू नाही म्हणू शकतेस,” ती म्हणाली. “सहावीच ठेव म्हणून सांगू शकतेस. हो ना?”

बाई उठल्या. फ्रिजवरचं पान काढलं, लोहचुंबक परत जागच्या जागी लावला. पानाची घडी घातली, अर्धी, अर्ध्याची अर्धी, त्याची अर्धी, आणि ओट्यावरच्या डब्याखाली सरकवली.

“उद्या सकाळी मी लाँड्रीत जाऊन येत नाही म्हणून सांगणार आहे,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून नववीचं गणित माझ्याकडे. मी पुढच्या गेटनं जाणार. ठकू, मॉनिटर तू नाहीस, तो मी दुसरा कोणीतरी नेमेन. भाजी कुणाला हवीय अजून?”